स्ट्रीट ट्रिपल मोटोटू एडिशन : ७६५ पैकी एक घेण्यात काय राम आहे?

गायमुखकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ट्रायम्फची स्पीड ४०० बाइक आहे, चाकणला बनलेली, आणि तिच्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण ऑफिसातल्या एकाची ट्रायम्फचीच स्ट्रीट ट्रिपल ७६५ आरएस कोलशेत रोडवर जरा फिरवून पाहिली आणि तेव्हापासून तीन सिलिंडरचा आवाज डोक्यातून जात नाही. बजेट कसंबसं आरएसपर्यंत ताणलंय. घरी अर्धाच आकडा सांगितलाय, हलके घ्या.

आता त्यात नवा फाटा फुटलाय. मावसभाऊ इंग्लंडला असतो. त्याच्या ओळखीतला एक जण २०२३ ची स्ट्रीट ट्रिपल मोटोटू एडिशन विकतोय (मोटोटू म्हणजे मोटोजीपीच्या खालोखालची शर्यत). ही मर्यादित आवृत्ती. रंग दोन, प्रत्येक रंगाच्या फक्त ७६५ गाड्या, हँडलजवळच्या वरच्या योकवर (पुढचा फोर्क धरणाऱ्या पट्टीवर) गाडीचा क्रमांक कोरलेला. भाऊ म्हणतो, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही, मी पाठवतो, कस्टमचं तू बघ.

जाणकारांनी सांगावं की आरएसपेक्षा हिच्यात नक्की काय जास्त आहे. आणि ती इथे आणून रस्त्यावर काढता येते का? राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोली. रोज नेणार नाही, पण नुसती झाकून ठेवायलाही घ्यायची नाहीये.

नटबोल्ट
कागद समोर ठेवून बोलू. इंजिन दोन्हींत एकच. ७६५ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७७.९९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५३.३८ मिमी, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) १३.२५ ला १. ताकद १२,००० आरपीएमला १३० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), टॉर्क (फिरवायचा जोर) ९,५०० ला ८० न्यूटन मीटर. जादा पैसे मोजून एक पीएससुद्धा वाढत नाही, हे आधी मनाशी पक्कं कर.

पण या आकड्यांत मजा आहे. १३० पीएसवरून उलटा हिशोब मांडलास तर १२,००० ला टॉर्क ७६ च्या आसपास निघतो. म्हणजे ९,५०० ला ८०, आणि आणखी अडीच हजार आरपीएम चढल्यावरही ७६. बहुतेक इंजिनं शेंड्याला पोचेपर्यंत दमतात, हे दमत नाही. तुझ्या डोक्यात बसलेला आवाज याच पट्ट्यातला असणार. धाकट्या 'आर'मध्ये हेच इंजिन ११,५०० ला १२० पीएस देतं, म्हणजे तिथे टॉर्क ७३ वर आलेला असतो. आर आणि आरएसमधला फरक खालच्या आरपीएमला कळतच नाही तो यामुळे.

आणखी एक. पिस्टन सरासरी किती वेगाने वरखाली होतो ते स्ट्रोकवरून काढता येतं. ट्रिपलचा १२,००० ला सेकंदाला २१ मीटरच्या थोडा वर येतो. तुझ्या स्पीड ४०० चा स्ट्रोक ६४ मिमी, तरी ८,००० ला १७ च येतो. तुझं इंजिन निवांत का वाटतं आणि हे सतत 'चल ना' का म्हणतं, त्याचं उत्तर इथे आहे.

खडूस_कळवेकर
लिमिटेड एडिशन हा शब्द आला की माझा हात आधी खिशावर जातो. २०१८ मध्ये रॉयल एनफील्ड क्लासिक ५०० पेगॅससच्या भारताच्या वाट्याच्या २५० गाड्या १७८ सेकंदांत संपल्या होत्या. यंत्र तेच, रंग वेगळा, टाकीवर नंबर. डुकाटीने स्ट्रीटफायटर व्ही४ लॅम्बोर्गिनी काढली, ६३० गाड्या, आणि वर ६३ फक्त लॅम्बोर्गिनी बाळगणाऱ्यांसाठी, कारण कंपनी १९६३ ची! आकडा जुळला की गिऱ्हाईक खूश.

नटबोल्ट
@खडूस, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. केटीएमची १२९० सुपर ड्यूक आरआर घ्या, २०२१ ची, ५०० गाड्या. तिथे साध्या आरपेक्षा ९ किलो खरोखर कमी केले होते. १८० हॉर्सपॉवर आणि १८० किलो. अर्थात ते कोरडं वजन आहे, पेट्रोल न भरता. ट्रायम्फ १८८ किलो सांगते ते १५ लिटरची टाकी भरून. नुसत्या पेट्रोलचेच ११ किलो होतात. दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून 'ही हलकी' म्हणणारे पायलीला पन्नास भेटतात.

गंमत म्हणजे आरएससुद्धा १८८ किलोच आहे. मोटोटू एडिशनला पुढचं मडगार्ड, साइड पॅनेल, बेली पॅन (इंजिनाखालचं आवरण) असं बरंच कार्बन फायबरचं आहे, पण कागदावर त्याने एक किलोही उतरलेला नाही. कार्बन डोळ्यांसाठी आहे.

गायमुखकर
मग पैसे जातात कुठे?

नटबोल्ट
पुढच्या शॉकअपमध्ये आणि हँडलमध्ये. मागचा ओलिन्स एसटीएक्स४० शॉकअप आरएसलाही आहे, ब्रेम्बो स्टायलेमा कॅलिपर आणि ३१० मिमीच्या दोन डिस्कही आहेत. वेगळा आहे तो पुढचा फोर्क. आरएसला ४१ मिमीचा शोवा, मोटोटूला ४३ मिमीचा ओलिन्स एनआयएक्स३०. यात फोर्कच्या डाव्या पायात फक्त दाबाचं डॅम्पिंग (फोर्क दबतानाची हालचाल आवरणं), उजव्यात फक्त परतीचं. एक स्क्रू फिरवला की दुसरं बिघडत नाही. सेटिंग करणाऱ्याला हे फार सुखाचं.

आता गंमत ऐक. तुझ्या स्पीड ४०० चा पुढचा फोर्कही ४३ मिमीचाच आहे! नुसता व्यास पाहून भुलायचं नाही ते असं. आणि तुझ्या फोर्कची चाल १४० मिमी, या दोघींची ११५. घोडबंदरच्या खड्ड्यात कोण जिंकेल ते तूच सांग.

सीवूड्सची_सई
आरएस माझ्याकडे आहे, म्हणून मधे बोलते. वाद फोर्कवर चाललाय, पण रोज जाणवेल ते हँडल. आरएसला सरळ, रुंद हँडल आहे. मोटोटू एडिशनला क्लिपऑन, म्हणजे फोर्कच्या दोन पायांना वेगवेगळे जोडलेले आखूड दांडे, आरएसपेक्षा ८० मिमी खाली आणि ५० मिमी पुढे. कागदावर ८० मिमी म्हणजे काहीच नाही वाटत. स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात टेकून वाका, मग हात आणखी चार बोटं खाली आणि तीन बोटं पुढे न्या, आणि मान वर करून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. तसंच अर्धा तास राहा.

नवऱ्याची जुनी गाडी क्लिपऑनवाली होती. वेग असला की वाऱ्याने छाती उचलली जाते, हातावरचा भार जातो, मस्त वाटतं. पण गायमुख घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये उताराला लागलात की सगळं अंग तळव्यांवर येतं. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल भाग असतो ना, तो आधी बधिर होतो, मग करंगळी. क्लच धरून धरून डाव्या हाताचं तर विचारूच नका. आणि यू-टर्न मारताना हँडल पूर्ण वळवलं की त्या गाडीवर अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये सापडायचा. कापूरबावडीला भर गर्दीत असा अंगठा अडकला की पाय टेकायचं भान राहत नाही.

सीटची उंची आरएसची ८३६, मोटोटूची ८३९. तो ३ मिमीचा फरक सोडून द्या. माझी उंची बेताची आहे, एक पाय टेकतो, चालतं.

तलावपाळीचा_काका
पोरी, वर्णन वाचून माझंच मनगट दुखायला लागलं. आमच्या वेळी यझदीवर डबलसीट, मागे सिलिंडर बांधून...

खडूस_कळवेकर
काका, विषयांतर 🙂

पिटलेन_पांडू
नावात मोटोटू आहे म्हणून चार शब्द. २०१९ पासून मोटोटूच्या सगळ्या गाड्यांना ट्रायम्फचंच ७६५ इंजिन असतं, त्याआधी होंडाचं ६०० होतं. पहिल्याच मोसमात फिलिप आयलंडला ताशी ३०० किमी ओलांडले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बुद्ध सर्किटला मोटोटूची शर्यत पेद्रो अकोस्टाने मारली, टीव्हीवर पाहिली असेल. पण शर्यतीच्या इंजिनात टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, कडक स्प्रिंग, बदललेलं हेड, उंच पहिला गिअर, वेगळा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असतो. १४० पीएसच्या वर जातं ते. त्यातलं या आवृत्तीत काही नाही. नातं आहे, पण चुलत.

तरी एक बाजू मांडतो. ट्रायम्फने फोर्कसोबत मागची बाजूही किंचित उचलली आहे, त्यामुळे गाडी वळणात आरएसपेक्षा चटकन पडते. ट्रॅकवर हे लगेच कळतं. कोणी वर्षातून दोनचार वेळा कोइम्बतूरला किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर नेणार असेल तर ही गाडी खोटी नाही. स्टिकर एडिशन म्हणून तिला उडवून लावणं अन्याय आहे.

खडूस_कळवेकर
मान्य. पण धागाकर्ता ऐरोलीला जाणार आहे, कोइम्बतूरला नाही.

बिल_ऑफ_एंट्री
न्हावाशेव्याला हेच काम करतो, म्हणून आणण्याबद्दल लिहितो.

आधी पैसे. १६०० सीसीपर्यंतच्या पूर्ण तयार मोटारसायकलवरची कस्टम ड्युटी २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० वरून ४० टक्के झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के. हा जीएसटी मूळ किमतीवर नाही, ड्युटी धरून झालेल्या किमतीवर लागतो. म्हणजे १०० रुपयांची गाडी भाडं-विमा धरून बंदरात उतरली की १४०, आणि त्यावर जीएसटी लागून १९६. हा हिशोब नव्या गाडीचा झाला. त्यावर आमची फी, गोदीचं भाडं, मग आरटीओचा कर. कन्टेनर अडकला तर रोजचं भाडं वेगळं, तिथे भले भले रडतात.

जुनी गाडी असेल तर वेगळीच कटकट. बनल्यापासून ३ वर्षांच्या आतली हवी. २०२३ ची म्हणजे ती मुदत संपत आली किंवा संपलीच. शिवाय स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे आणि हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा पाहिजे. इंग्लंडची गाडी असल्याने हेडलाइटचं भागेल, मैलाचे किलोमीटरही स्क्रीनवर करता येतात. पण आपल्या इथल्या मानकांची मान्यता एका गाडीसाठी मिळवणं हा खरा डोंगर आहे. कंपनी स्वतः आणते तेव्हा हे सगळं ती निस्तरते, एकट्या माणसाने करायचं काम नाही. 'सगळं मॅनेज करतो' म्हणणारा कोणी भेटला तर दोन पावलं मागे या. कागद नसलेली गाडी एमएच ०४ च्या, म्हणजे ठाणे आरटीओच्या, दारात उभीच राहणार नाही.

गायमुखकर
१९६ वाचून घाम फुटला. भावाला स्क्रीनशॉट पाठवलाय.

पामबीचवाला
मला वेगळाच प्रश्न पडतो. १३० पीएसची गाडी ठाणे-नवी मुंबईत उडवायची कुठे? अटल सेतूवर दुचाकीला बंदी. पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर बंदी. समृद्धी आमण्यापर्यंत आला, घरापासून भिवंडीच्या पलीकडे, तिथेही बंदी. आसपासचे तीन गुळगुळीत रस्ते आणि तिन्हींवर आपल्याला मज्जाव. उरला पाम बीच, तिथे सिग्नल आणि सायकलवाले. तिथे कोणी वेग काढू नये हे माझं स्पष्ट मत, रोज त्याच रस्त्याने मुलीला शाळेत सोडतो.

सीवूड्सची_सई
+१. मी पहाटे जुन्या हायवेने खोपोलीपर्यंत जाते, कधी मुरबाडवरून माळशेज. तिथेही ६,००० आरपीएमच्या पुढे फारशी जात नाही. खरं सांगू? या गाडीचं सुख वेगात कमी आणि गिअरमध्ये जास्त आहे. क्विकशिफ्टर वर-खाली दोन्हीकडे चालतो. टोकावड्याच्या पुढे वळणं सुरू झाली की क्लचला हात न लावता तिसरा, दुसरा, परत तिसरा. प्रत्येक वेळी मागून एक छोटासा खाकरल्यासारखा आवाज. ६० च्या वेगात हे मिळतं.

पावसात मात्र जपून. आरएस आणि मोटोटू दोन्हींना पिरेली सुपरकोर्सा एसपी टायर येतात. गरम झाले तर डांबराला चिकटतात, पण ओल्या थंड रस्त्यावर खाचा कमी असल्याने पाणी फेकत नाहीत. मी जूनच्या आधी रोड टायर टाकून घेते.

येऊरची_रहिवासी
सगळ्यांना हात जोडून, या गाड्या घेऊन रविवारी येऊरला येऊ नका. राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, पाड्यांवर लहान मुलं झोपलेली असतात. मोकळा सायलेन्सर लावून वर येणाऱ्यांना आम्ही गेटवरच अडवायची मागणी केलीय.

गायमुखकर
ताई, मी कंपनीचा सायलेन्सर बदलत नाही. शब्द.

ऐरोलीचा_एजंट
इन्शुरन्सचं कोणीच बोललं नाही. साधी पॉलिसी असेल तर प्लॅस्टिक-रबराच्या पार्टवर क्लेममधून ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३०. झिरो डेप घेतली तर हे टळतं, पण इथे विक्रीलाच नसलेल्या आवृत्तीची किंमत ठरवायची कशी यावर सर्व्हेअर आधी तासभर डोकं खाजवेल. आणि ते कार्बनचं मडगार्ड बाहेरून येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये. आरएसचे पार्ट निदान मागवले की येतात.

हिरवी_टाकी
पेट्रोल? १३.२५ कॉम्प्रेशनला साधं चालेल का?

नटबोल्ट
९५ ऑक्टेनचं घाल. एवढं कॉम्प्रेशन असलं की कमी ऑक्टेनवर ठिणगी पडल्यावर उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटायला बघतं, त्यालाच नॉक म्हणतात. नॉक सेन्सर असेल तिथे तो टायमिंग मागे घेतो आणि ज्या शेंड्यासाठी पैसे दिले तोच बोथट होतो. १०० ऑक्टेनचं घालून मात्र काही जादू होत नाही, पंपवाल्याचा फायदा.

आणि @गायमुखकर, ओलिन्सच्या नादी लागण्याआधी हे कर. आरएसच्या शोवा फोर्कला प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची), दाब, परत तिन्ही सेटिंग आहेत आणि निम्मे लोक ती कधी उघडतसुद्धा नाहीत. फोर्कच्या चकचकीत दांडीवर प्लॅस्टिकचा टाय घट्ट बांध. दोघांना गाडी पुढून उचलायला सांग, चाक सुटेपर्यंत, आणि टाय सीलला टेकव. मग गाडी खाली, तू हेल्मेट-जॅकेटसकट नेहमीसारखा बस, पाय फुटरेस्टवर, एकाने गाडी धरायची. अलगद उतर. टाय जितका सरकला तितका सॅग, म्हणजे तुझ्या वजनाने फोर्क तेवढा दबतो. ११५ मिमीच्या चालीत साधारण ३५ ठीक. ४५ आला तर प्रीलोड वाढव, २० आला तर कमी कर. मग परतीचं डॅम्पिंग एकेक क्लिक फिरवत तोच खड्डा पुन्हा पुन्हा घे. माजिवड्याच्या पुलाखाली खड्ड्यांची वाण नाही.

पिटलेन_पांडू
सॅगच्या मुद्द्याला अनुमोदन. कारखान्यातून आलेलं सेटिंग कुठल्याशा सरासरी माणसाचं असतं. नीट बसवलेला शोवा हा न बसवलेल्या ओलिन्सपेक्षा कधीही बरा. तरीही मोटोटू एडिशन कुठे उभी दिसली तर मी पाच मिनिटं बघत उभा राहीन, ते सांगून ठेवतो.

खडूस_कळवेकर
बघायला पैसे पडत नाहीत, बघा की.

गायमुखकर
सगळ्यांचे आभार. भावाला कळवलं, राहू दे. त्याचं म्हणणं, मग मीच घेतो आणि तू इकडे येऊन चालव. त्याला ओट्याची परीक्षा सांगितलीय, बघू काय म्हणतो.

आता आरएसचंच पक्कं करतोय. २०२३ च्या जूनमध्ये इथे आली तेव्हा एक्स-शोरूम ११.८१ लाख होती, आर १०.१७. आजचा ऑन-रोड आकडा काढायला शनिवारी शोरूमला जाणार. एक शंका उरली. बायको म्हणते मागे साडी नेसून बसणार, मग साडी गार्ड मिळेल का? हसू नका, अटच घातलीय तिने.

सीवूड्सची_सई
हसत नाही. मोटार वाहन नियमांत तो लागतोच, नियम १२३, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा. शोरूमवाले गाडीसोबत देतात, बहुतेक जण घरी नेऊन काढून टाकतात. तू काढू नकोस. पण मागची सीट तळहाताएवढी आहे आणि पाय दुमडून बसावं लागतं, वहिनींना टेस्ट राइडला आधी मागे बसव आणि मगच बुकिंगचे पैसे भर.